संशयाचा फायदा कोणास?

न्यायासनासमोर संशयाचा फायदा आरोपीस मिळतो, ही गोष्ट आपल्याकडे शाळेंतील मुलगाही जाणतो. पुरावा अपुरा असेल तर आरोपीस सोडून द्यावें. अपराधी सुटला तरी चालेल, परंतु निरपराध्यास शिक्षा होऊं नये, हें तत्त्व इंग्रजी कायद्याबरोबर आपल्याकडे आलें आणि आपल्या मनांत इतकें मुरलें कीं, कोर्टाबाहेरच्या व्यवहारांतही आपण त्याचाच आधार घेऊं लागलों. शेजाऱ्याविषयीं कांहीं वाईट कानावर आलें तर "पुरावा काय?" असें आपण विचारतों, आणि पुरावा नसेल तर तो विषय सोडून देतों. हें सभ्यतेचें लक्षण आहे यांत शंका नाहीं. परंतु एका क्षेत्रांत निर्दोष ठरलेलें तत्त्व दुसऱ्या क्षेत्रांत जसेंच्या तसें नेलें तर तें तेथेंही निर्दोषच राहतें काय? आरोपी जर मनुष्य नसून एखादी निर्जीव वस्तु असेल, आणि ती वस्तु एका निरपराध माणसाच्या काळजाशीं जखडलेली असेल, तर संशयाचा फायदा कोणास द्यावा? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. जगांतील मोठमोठ्या रुग्णालयांत तो वारंवार उभा राहतो. त्याचें वैद्यकीय उत्तर वैद्यांनीं द्यावयाचें. परंतु त्याच्या पोटांत नीतिशास्त्राचा एक प्रश्न दडलेला आहे, व त्याचा विचार तुम्हांआम्हांस टाळतां येण्यासारखा नाहीं.

पहिल्यानें ती वस्तु कोणती तें सांगितलें पाहिजे. हृदयाचे ठोके ज्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें पडतात, तो वार्धक्यानें किंवा रोगानें अडूं लागला म्हणजे नाडी मंदावते, मनुष्यास घेरी येते, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. अशा रोग्याच्या छातीवर, हांसळीच्या हाडाखालीं, कातडीच्या आंत एक लहानशी डबी बसवितात. डबींत बॅटरी असते; तिच्यापासून निघालेल्या एकदोन तारा शिरेंतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरविलेल्या असतात. हृदय ठोका चुकलें कीं तारेच्या द्वारें डबी त्यास तो ठोका देते. हाच पेसमेकर. या जातीचें पहिलें यंत्र १९५८ च्या ऑक्टोबरांत स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयांत आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरांत बसविण्यांत आलें. यंत्र रूने एल्मक्विस्ट या इंजिनियरानें केलें होतें, आणि शस्त्रक्रिया ओके सेनिंग या शस्त्रवैद्यानें केली. तें पहिलें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें. परंतु प्रयत्न सुटला नाहीं. लार्सनला पुढें आयुष्यभरांत वीसांहून अधिक यंत्रें बसविण्यांत आलीं, आणि तो २००१ सालीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, वेगळ्याच रोगानें वारला. इंजिनियर १९९६ सालीं व शस्त्रवैद्य २००० सालीं निवर्तले होते. म्हणजे ज्याच्या जगण्याची आशा उरली नव्हती तो रोगी आपल्या दोन्ही जीवनदात्यांच्या मागें राहिला. आज दरसाल लाखों माणसांच्या छातींत हीं यंत्रें बसविलीं जातात, व बहुतेकांची कथा सुखाचीच असते.

आतां आरोपाकडे वळूं. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यानें गळवाच्या पुवांत द्राक्षाच्या घोसाप्रमाणें एकत्र दिसणारे जंतू पाहिले आणि १८८२ सालीं त्यांस स्टॅफिलोकॉकस हें ग्रीक नांव दिलें. त्यांपैकीं सोनेरी रंगाची जी जात, तिला स्टॅफिलोकॉकस ऑरियस म्हणतात. हा जंतु पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकांत व कातडीवर निमूटपणें राहत असतो. परंतु चिघळलेली जखम, शिरेंत राहिलेली सुई, किंवा डायलिसिसची नळी अशा एखाद्या वाटेनें तो रक्तांत शिरला म्हणजे त्याचें रूप पालटतें. पेनिसिलिनच्या पूर्वीं बॉस्टन येथील एका रुग्णालयांत असे १२२ रोगी पाहण्यांत आले. त्यांची हकीकत १९४१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तींत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८२ होतें. नव्या औषधांनीं तें पुष्कळ उतरलें. तरी आजही अशा रोग्यांपैकीं पांचांतील एक तरी दगावतो.

रक्तांत फिरणारा जंतु शरीरांतील परक्या वस्तूकडे विशेष ओढला जातो. याचा एक जुना प्रयोग फार बोलका आहे. लंडनमध्यें एलेक व कोनेन या दोघां शास्त्रज्ञांनीं निरोगी स्वयंसेवकांच्या कातडींत हे जंतू मोजून टोंचले व आपला निष्कर्ष १९५७ सालीं प्रसिद्ध केला. नुसत्या कातडींत पू होण्यास कित्येक लक्ष जंतू लागले. पण रेशमाच्या धाग्याचा एक टांका त्या जागीं असला तर अवघे तीनशेंच्या आसपास पुरले. एका धाग्याची ही गोष्ट. मग हृदयाच्या आंत लोंबणाऱ्या तारेची काय सांगावी? अशा पृष्ठभागावर जंतू चिकटतात, आपल्याभोंवतीं चिकट द्रव्याचा एक थर उभारतात, आणि त्या थराच्या आडोशास राहतात. रक्तांतील पांढऱ्या पेशींचें तेथें चालत नाहीं, आणि बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंना सहज मारणारें औषध आंतल्यांस पुरतेंपणीं मारूं शकत नाहीं. कॅनडांतील कॉस्टर्टन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं अशाच एका रोग्याच्या पेसमेकरची तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. भरपूर औषध देऊनही त्याच्या रक्तांत हा जंतु पुन्हां पुन्हां येत होता. तार काढून पाहतां तिच्यावर जंतूंचा तोच थर बसलेला आढळला. ज्या तारेनें त्याला जगविलें, तिच्याच आश्रयानें त्याचा शत्रु राहत होता.

इतकें समजल्यावर प्रश्नाची मांडणी सोपी होते. उत्तर मात्र होत नाहीं. समजा, सहा वर्षांपूर्वीं पेसमेकर बसविलेला सत्तरीचा एक गृहस्थ थंडीतापानें अंथरुणास खिळला. रक्त तपासलें, त्यांत हा सोनेरी जंतु निघाला. छातीवरील जागा पाहावी तर स्वच्छ. सूज नाहीं, लाली नाहीं, दुखणें नाहीं. अन्ननलिकेंत नळी उतरवून ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयाचें चित्र घेतलें. तारेवर कांहीं चिकटल्याचें त्यांतही दिसलें नाहीं. मग यंत्र निर्दोष समजावें काय? अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयांत सहा वर्षांच्या अवधींत अशा ३३ रोग्यांचा अभ्यास झाला, व तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. ३३ पैकीं १५ जणांच्या यंत्रास संसर्ग झाल्याचें निश्चित ठरलें. यंत्र बसवून वर्षही झालें नव्हतें अशा १२ जणांपैकीं ९, आणि वर्ष उलटून गेलेल्या २१ जणांपैकीं ६, अशी त्यांची विभागणी होती. याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, संसर्ग निश्चित ठरलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या छातीवर बाहेरून कांहींच खूण नव्हती. ३३ ही संख्या लहान आहे हें खरें. परंतु पुढील अभ्यासांनींही दिशा तीच दाखविली. म्हणजे आमच्या गृहस्थाच्या यंत्राविरुद्ध प्रत्यक्ष पुरावा एकही नसतां, तें दूषित असण्याचा संभव तिघांचौघांत एक इतका मोठा आहे. कोर्टांत एवढ्या पुराव्यावर कोणासही शिक्षा होणार नाहीं.

येथें चूक दोन प्रकारांनीं होऊं शकते. निर्दोष यंत्र काढलें, ही एक चूक. दूषित यंत्र आंत ठेवलें, ही दुसरी. पहिली चूक लहान नव्हे. वर्षानुवर्षें आंत राहिलेल्या तारेभोंवतीं शरीर तंतूंचें वेष्टण विणतें आणि तिला शिरेच्या व हृदयाच्या भिंतीशीं जखडून टाकतें. ती सोडवितांना शीर किंवा हृदय फाटण्याचें भय असतें. अनुभवी हातीं असा मोठा अपघात शंभरांत एकदोघांसच होतो. पण ज्याला होतो त्याच्यापुरता तो शंभर टक्के असतो. शिवाय ज्याचें हृदय सर्वस्वी यंत्रावरच चालतें, त्याला मधल्या काळांत तात्पुरत्या उपायावर ठेवावें लागतें, आणि रक्त स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या बाजूस नवें यंत्र बसवावें लागतें. दुसरी चूक मात्र याहून भयंकर आहे. दूषित यंत्र आंत ठेवून नुसत्या औषधावर विसंबलें तर औषध चालू आहे तोंवर ताप उतरतो. तें थांबलें कीं रोग बहुधा उलटतो, आणि मृत्यूचें प्रमाण स्पष्टपणें वाढतें. या दोहोंचा तोल पाहूनच अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१० सालीं असा अभिप्राय दिला कीं, रक्तांत स्टॅफिलोकॉकस निघाला व त्याचें अन्य मूळ सांपडलें नाहीं, तर बाहेर खूण नसली तरी यंत्र व तारा सर्व काढून टाकाव्यात. म्हणजे वैद्यांनीं संशयावरच शिक्षा सांगितली.

हें नीतिशास्त्रास मान्य होण्याजोगें आहे काय? न्यायदर्शनकार गौतमानें जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत तिसरा पदार्थ संशय होय. संधिप्रकाशांत दूर कांहीं उभें दिसतें. तो खांब आहे कीं माणूस आहे तें कळत नाहीं, हें नैयायिकांचें ठरलेलें उदाहरण. संशयाच्या पाठोपाठ गौतमानें चौथा पदार्थ सांगितला आहे, तो प्रयोजन. या क्रमाचा अर्थ टीकाकार कसाही लावोत, मला त्यांत व्यवहाराचें एक मर्म दिसतें. जो सहज फिरावयास निघाला आहे त्याला खांब कीं माणूस याचा निकाल लागेपर्यंत स्वस्थ उभें राहतां येतें. परंतु ज्याच्या कमरेस सोनें बांधलेलें आहे व ज्याची वाट चोरांची आहे, त्यानें तो माणूसच आहे असें धरून पाऊल टाकलें पाहिजे. दोघांच्या डोळ्यांसमोरील पुरावा एकच आहे; त्यांचें प्रयोजन भिन्न असल्यामुळें त्यांचें कर्तव्यही भिन्न झालें.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानांत हा वाद निराळ्या रीतीनें झाला आहे. विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञानें १८७७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, अपुऱ्या पुराव्यावर कोणतीही गोष्ट खरी मानणें हा नैतिक अपराध होय. त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. एका जहाजमालकास आपलें जहाज जुनें झाल्याचा संशय आला. पण दुरुस्तीच्या खर्चाच्या भीतीनें त्यानें तो मनांतल्या मनांत दाबला, इतके दिवस तें सुखरूप आलें तसें पुढेंही येईल अशी स्वतःची समजूत घातली, आणि उतारूंसह तें पाठवून दिलें. जहाज बुडालें. क्लिफर्ड म्हणतो कीं, तें बुडालें नसतें तरीही मालक अपराधीच ठरला असता. यावर विल्यम जेम्स यानें १८९६ सालीं उत्तर दिलें तें असें कीं, कांहीं प्रसंगीं निर्णय लांबणीवर टाकणें हाही एक निर्णयच असतो; तेथें पुराव्याची वाट पाहणारा मनुष्य तटस्थ राहत नाहीं, तो नकळत एका बाजूस मत देऊन मोकळा होतो. जेम्सच्या मनांत धर्मश्रद्धेचा प्रश्न होता, व तेथें त्याचें म्हणणें कितपत टिकतें याविषयीं मतभेद आहे. परंतु रोग्याच्या खाटेशीं उभें राहून पाहिलें असतां या दोघांतील विरोध जवळजवळ नाहींसा होतो. "यंत्र दूषित आहे" हें सिद्ध झालें नाहीं हें खरें. पण "यंत्र स्वच्छ आहे" हें तरी कोठें सिद्ध झालें आहे? तेंही अपुऱ्या पुराव्यावरचें मतच आहे, आणि जहाजमालकाप्रमाणें आपण तें आपल्या सोयीसाठीं पत्करतों. थांबणारा वैद्य व थांबा म्हणणारे नातलग आपण कांहींच ठरविलें नाहीं असें समजतात. वस्तुतः त्यांनीं यंत्रास निर्दोष ठरवून सोडून दिलेलें असतें.

ही समजूत किती खोल आहे याचें प्रत्यंतर अमेरिकेंतच मिळालें. तेथील वृद्धांसाठीं असलेल्या सरकारी विमायोजनेच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०२२ सालीं मांडण्यांत आला. तींत ज्यांच्या यंत्रास संसर्ग झाल्याचें निदान झालेलें होतें, म्हणजे जेथें संशयाची जागा निदानानें घेतली होती, अशा रोग्यांपैकींही पांचांतील चौघांचें यंत्र तीस दिवसांच्या आंत काढलें गेलें नव्हतें. जेथें पैशाची व साधनांची वाण नाहीं तेथें असें कां व्हावें? एक कारण असें दिसतें कीं, कांहीं करून झालेला अपाय डोळ्यांत भरतो, आणि कांहीं न करतां झालेला अपाय दैवाच्या खातीं टाकतां येतो. तार काढतांना रोगी गेला तर वैद्याकडे बोट दाखविलें जातें. तीन महिन्यांनीं ताप उलटून गेला तर "त्यांचें आयुष्य सरलें" असें म्हणून सर्वजण हात जोडतात. परंतु मृत मनुष्याच्या दृष्टीनें या दोहोंत काय भेद आहे? आपल्या हातून पाप घडूं नये ही इच्छा चांगली आहे. पण ती दुसऱ्याच्या प्राणापेक्षां वरचढ झाली म्हणजे तिला नीति म्हणतां येत नाहीं, ती स्वतःच्या अंगरख्यावर डाग पडूं नये एवढीच काळजी होते.

येथें कोणी म्हणेल कीं, यंत्राला आरोपी म्हणणें हा नुसता शब्दांचा खेळ आहे. निर्जीव वस्तूस हक्क कसले, आणि संशय येतांच ती फेंकून द्यावयास हरकत कसली? हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. कोर्टांत आरोपीस जो संशयाचा फायदा मिळतो, तो कां मिळतो? एका बाजूस सर्व सामर्थ्यानिशीं राज्यसत्ता उभी असते, दुसऱ्या बाजूस एकटा मनुष्य. आणि चुकीनें दिलेली शिक्षा त्या मनुष्यासच भोगावी लागते. म्हणजे या नियमाचें मूळ आरोपीच्या प्रेमांत नसून, चुकीचा भार ज्याच्यावर पडणार त्याच्या कळवळ्यांत आहे. हेंच मूळ धरून रोग्याकडे पाहिलें तर दिसेल कीं, यंत्र आरोपी असलें तरी शिक्षा यंत्रास होत नाहीं; शस्त्र चालतें तें रोग्याच्या छातीवर. आणि यंत्रास सोडून दिलें तर त्या औदार्याची किंमतही रोगीच देतो. दोन्ही बाजूंचा भार एकाच निरपराध माणसावर आहे. तेव्हां संशयाचा फायदा त्याला मिळाला पाहिजे, यंत्रास नव्हे. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतों. ज्या साधनानें दहा वर्षें जगविलें त्याच्याविषयीं घरच्या मंडळींस कृतज्ञता वाटावी हें साहजिकच आहे. पण हत्याराची पूजा तें कामास येतें म्हणून; माणसाच्या मुळावर आलेल्या हत्यारास कोणी फूल वाहत नाहीं.

मात्र हाही नियम आंधळेपणानें लावतां येत नाहीं. रक्तांत निघालेला जंतु स्टॅफिलोकॉकस नसून मूत्रमार्गांतून किंवा आंतड्यांतून येणाऱ्या दुसऱ्या वर्गांतील असला, तर तो यंत्रास चिकटण्याचा संभव पुष्कळच कमी असतो. तेथें यंत्र उपटावयास धांवणें हा अविचार होईल. उलट, ज्याच्या हृदयांत कृत्रिम झडप आहे त्याची गोष्ट पाहा. अशा ज्या ५१ रोग्यांच्या रक्तांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळला, त्यांच्या २००५ सालच्या एका अभ्यासांत २६ जणांस हृदयाच्या अंतस्त्वचेचा दाह निश्चितपणें झालेला होता. संशय पेसमेकरच्या रोग्याइतकाच, किंबहुना अधिक बळकट; परंतु झडप काढावयाची म्हणजे हृदय उघडून शस्त्रक्रिया करावयाची. म्हणून तेथें केवळ संशयावर शस्त्र उचलीत नाहींत. पुन्हां पुन्हां तपासणी करतात, कित्येक आठवडे शिरेंतून औषध देतात, आणि हृदय थकूं लागलें किंवा आंत गळूं झालें तरच शस्त्रक्रियेकडे वळतात. पुरावा सारखा असून निर्णय निराळा, कारण चुकीची किंमत निराळी.

अतिसंशयाचीही किंमत असते, आणि ती पुष्कळदां तिऱ्हाइतास द्यावी लागते. दांताच्या शस्त्रक्रियेंत तोंडांतील जंतू रक्तांत शिरतात, म्हणून झडपेचा दोष असलेल्यांना तत्पूर्वीं औषध द्यावें, असा उपदेश अमेरिकन हार्ट असोसिएशननें १९५५ सालीं प्रथम केला. पन्नास वर्षें तो पाळला गेला. पुढें विचाराअंतीं दिसून आलें कीं, रोजच्या चावण्यानें व दांत घासण्यानेंच रक्तांत जंतू कितीतरी अधिक वेळां शिरतात, आणि सरसकट दिलेल्या औषधानें होणारा लाभ अगदीं थोडा आहे. औषधाचा अनावश्यक वापर जंतूंस निगरगट्ट करतो, हें तर स्टॅफिलोकॉकसनेंच दाखवून दिलें होतें: मेथिसिलिन हें औषध १९५९ सालीं आलें, आणि १९६१ सालीं त्यास न जुमानणारे जंतू इंग्लंडांत नोंदले गेले. म्हणून २००७ सालीं हा उपदेश आंखडण्यांत आला: कृत्रिम झडपेसारख्या अधिक धोक्याच्या मोजक्या रोग्यांसाठीं तो ठेवला, नुसत्या पेसमेकरसाठीं असें औषध लागत नाहीं. तोंड रोज स्वच्छ ठेवणें हीच तेथें खरी खबरदारी.

संशयाचा आणखी एक उपयोग होतो, आणि तो विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ज्याला नवा पेसमेकर घेण्याची ऐपत नाहीं अशा गरिबास, दुसऱ्याच्या शरीरांतून मृत्यूनंतर काढलेलें, निर्जंतुक केलेलें यंत्र बसवावें काय? "जुन्या यंत्रानें जंतुसंसर्ग होईल" हा संशय ऐकण्यास फार दयाळूपणाचा वाटतो. अमेरिकेंतील अंत्यविधि करणाऱ्या संस्थांकडून मिळालेले असे ५३ पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयांत गरीब रोग्यांस बसविण्यांत आले. २०१२ सालीं छापलेल्या त्या हकीकतींत संसर्गाचें एकही उदाहरण नाहीं. पुढें मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास व डॉमिनिकन प्रजासत्ताक या देशांतील १,०५१ रोग्यांची तुलना कॅनडांत नवीं यंत्रें बसविलेल्या रोग्यांशीं करण्यांत आली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, दोन वर्षांत संसर्ग जुन्या यंत्रांत शेंकडा २.० व नव्यांत शेंकडा १.२ इतका झाला, आणि हा फरक आंकडेशास्त्राच्या दृष्टीनें निर्णायक ठरला नाहीं. फरक मुळींच नाहीं असें म्हणणें घाईचें होईल. पण समजा, शंभरांत एखाद्यास अधिक संसर्ग झाला. तरी ज्याला जुनें यंत्र नाकारलें त्याच्या वांट्यास नवें यंत्र येत नव्हतें, कोणतेंच येत नव्हतें. येथें संशयाचा फायदा रोग्यास न मिळतां, नकार देणाऱ्याच्या मनःशांतीस मिळाला. रोग्याचें नांव पुढें करून स्वतःस निर्धास्त करणारा संशय ओळखतां आला पाहिजे.

मग हें तारतम्य कोणीं पाहावयाचें? जंतूची जात, यंत्राचें वय, तारा काढण्यांतील धोका, हें सर्व वैद्यानें सांगावयाचें. तें त्याचें ज्ञान आहे. परंतु कोणत्या चुकीचें भय अधिक मानावें, हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाहीं. पंचाऐंशीचा वृद्ध, सर्व कर्तव्यें आटोपलेला, "आतां शस्त्र नको, औषधावर जेवढे दिवस निघतील तेवढे निघोत" असें म्हणाला, तर त्यास भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? आणि चाळिशीचा मनुष्य, लहान मुलांचा बाप, शंभरांत एकाचें भय पत्करून यंत्र काढून घेण्यास तयार झाला, तर त्याच्या वतीनें भिण्याचा अधिकार तरी कोणाचा? आपल्या घरांत एक चाल आहे: आजाऱ्यास खरें सांगावयाचें नाहीं, वडील मुलगा व डॉक्टर यांनीं बाहेर ओसरीवर काय तें ठरवावयाचें. हेतु प्रेमाचाच असतो. पण त्या प्रेमांत, चुकीचा सारा भार ज्याच्यावर पडणार त्यालाच बोलावयास जागा उरत नाहीं. कोर्टांतील आरोपीचें म्हणणें देखील ऐकून घेतल्यावांचून निकाल देत नाहींत. रोगी शुद्धीवर आहे, विचार करूं शकतो, तर दोन्ही चुका त्याच्यापुढें जशा आहेत तशा मांडाव्यात, आणि पहिलें मत त्याचें घ्यावें. नातलगांनीं सल्ला द्यावा, आग्रह धरावा, रडावेंही; त्याच्या अपरोक्ष निकाल देऊं नये.

तात्पर्य, संशय हा निर्णय टाळण्याचा परवाना नव्हे, व घाईचें समर्थनही नव्हे. संशय राहणारच, विज्ञान कितीही वाढलें तरी मनुष्यास बहुतेक मोठे निर्णय संधिप्रकाशांतच घ्यावे लागतील. अशा वेळीं पुरावा किती आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. चुकलों तर भोगणार कोण, हेंही विचारलें पाहिजे, आणि संशयाचा फायदा त्याच्या पदरांत टाकला पाहिजे.

यांतून घरच्या मंडळींवर एक साधें कर्तव्य येतें, आणि त्यास तत्त्वज्ञान लागत नाहीं. ज्याच्या छातींत असें यंत्र किंवा कृत्रिम झडप आहे त्यास थंडी वाजून ताप आला, तर कपाटांतील उरलेल्या अँटिबायॉटिकच्या चार गोळ्या देऊन वाट पाहूं नये. त्या गोळ्यांनीं रोग जात नाहीं. रक्तांतील जंतू मात्र तपासणींत सांपडेनासे होतात, व ज्या पुराव्यावर पुढील सारा विचार व्हावयाचा तोच घरांतल्या घरांत नाहींसा होतो. पहिल्यानें वैद्यास यंत्राची गोष्ट सांगावी, औषधापूर्वीं रक्त तपासावयास द्यावें, आणि मग काय संशय घ्यावयाचा तो घ्यावा.